लातूरचं एक प्रसूतिगृह : पहिलं सिझर झालेलं असताना दुसऱ्या बाळंतपणासाठी निवडलेलं

आधीच सांगून टाकते, माझं दुसरं बाळंतपण पण शेवटी सिझरच झालं, नॉर्मल झालं नाही, आणि तरीपण मी ह्या हॉस्पिटलला पाचपैकी चार देते. हे ऐकून माझ्या नणंदेनं विचारलं की मग चार कशाचे, म्हणून जरा सविस्तर लिहायले.

हॉस्पिटलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लातुरात एकेका गल्लीत ओळीनं प्रसूतिगृहं आहेत आणि एक मॅडम सोडून गेल्या किंवा दोन चांगल्या सिस्टर दुसरीकडं गेल्या की बोर्ड तोच राहतो पण आतला दवाखाना बदलतो. म्हणून मी काय बघून निवडलं आणि आत गेल्यावर काय निघालं ते लिहिते, तेच प्रश्न तुम्हाला नांदेडला, परभणीला, बीडला कुठंही विचारता येतील.

आमचं गाव औसा तालुक्यात, आमच्या ह्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. माहेर बीड जिल्ह्यात. पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणं माहेरी, सातव्या महिन्यात ओटी भरून गेले आणि तिथल्या तालुक्याच्या गावात एका खाजगी दवाखान्यात नाव घातलं, का तर आमच्या भावकीतल्या सगळ्या बायकांची बाळंतपणं तिथंच. तारीख उलटून गेली नव्हती, कळा चालू झालेल्या, आणि संध्याकाळी अचानक सोनोग्राफीचा कागद दाखवून सांगितलं की नाळेचा वेढा आहे, बाळाला धोका आहे, सिझर करावं लागंल, सही करा. वडील घाबरले, सही केली. आईला लेबर रूममधी येऊ दिलं नव्हतं, ती बाहेर पायरीवर बसून. डिस्चार्ज कार्डवर फक्त एलएससीएस, म्हणजे सिझर, एवढं लिहून दिलं, का केलं ते एका शब्दानं नाही. नंतर मला कळलं की नाळेचा वेढा हा चार-पाच बाळांमागं एकाच्या गळ्यात असतोच, बहुतेक बाळं त्याच्यासकट नॉर्मल होतात, नुसता वेढा दिसला म्हणून सिझर करत नाहीत, बाळाचे ठोके बिघडले तर करतात. माझ्या लेकीचे ठोके बिघडले होते का नव्हते हे आजपर्यंत मला कुणी सांगितलेलं नाही. कदाचित खरंच गरज असंल. पण माझ्या पोटावर काप आहे आणि त्याचं कारण कागदावर नाही, ही गोष्ट माझ्या मनातून गेली नाही.

आपल्या देशात खाजगी दवाखान्यात होणाऱ्या बाळंतपणात जवळपास निम्मी सिझर आहेत, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत खाजगीत ४७ टक्क्याच्या वर आणि सरकारीत १४ च्या आसपास आकडा आलाय. सरकारीतल्या बाया आणि खाजगीतल्या बाया एवढ्या वेगळ्या घडणीच्या तर नसतात. पण मी सिझरच्या विरोधात अजिबात नाही, सिझरनं जीव वाचतात, माझ्या सख्ख्या मावशीचं पहिलं लेकरू पायाळू होतं आणि वेळेवर सिझर झालं नाही म्हणून गेलं, तेव्हा गावात सुईण होती आणि रस्ता नव्हता. मला फक्त कारण पाहिजे होतं.

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मोठी लेक तीन वर्षाची होऊन गेलेली. आईचं म्हणणं परत माहेरीच ये, आत्याबाई म्हणजे सासूबाई म्हणायल्या लातूर अर्ध्या तासावर असताना पोटुशी बाई कशाला बीड जिल्ह्यात न्यायची. दोघींचं बरंच चाललं फोनवर. शेवटी आमच्या गावच्या आशाताईनं मिटवलं, तिनं एकच विचारलं, रात्री दोन वाजता पाणी गेलं तर कुठं जाणार, आणि तिथं त्या वेळी कोण असणार. बस. त्या एका प्रश्नावर मी हॉस्पिटल शोधलं आणि तुम्हीपण तसंच शोधा असं मला मनापासून वाटतं. एसी रूम, टीव्ही, खाली चकाचक रिसेप्शन हे सगळं दिवसा दिसतं, बाळंतपण बऱ्याच वेळा रात्री होतं.

मी आणि हे आधी दुसऱ्या दोन-तीन हॉस्पिटलात जाऊन आलो. एका ठिकाणी मी फाईल पुढं केली तर डॉक्टरांनी मान वर न करताच सांगितलं, आधीचं सिझर आहे ना, मग सिझरच, तारीख घ्या. दुसऱ्या ठिकाणी उलटं, हो हो करू की नॉर्मल, काही टेन्शन नाही, पण मी विचारलं की रात्री भूलतज्ज्ञ कुठून येतात तर रिसेप्शनवरची मुलगी आणि सिस्टर एकमेकींकडं बघायल्या. मला दोन्ही पटलं नाही. पहिल्यानं विचारच केला नाही आणि दुसऱ्यानं धोकाच सांगितला नाही.

ह्या हॉस्पिटलच्या मॅडमनी पहिल्याच भेटीत माझे जुने कागद मागितले. मी ते एलएससीएस वालं कार्ड दिलं तर म्हणाल्या ह्याच्यात छेद कसा घेतला, आडवा का उभा, आतून काय दिसलं, काहीच नाही, त्या दवाखान्यातून ऑपरेशनची नोट आणा, तो तुमचा हक्क आहे, लेखी मागितल्यावर त्यांना द्यावीच लागती. ह्यांनी मोटारसायकलवर जाऊन ती आणली, सुरुवातीला टाळाटाळ झाली, लेखी अर्ज दिल्यावर मिळाली. एलएससीएस म्हणजे गर्भपिशवीच्या खालच्या भागातला आडवा छेद, हा असेल आणि एकच सिझर असेल तर पुढच्या वेळी नॉर्मलचा प्रयत्न करता येतो, उभा छेद असेल तर करत नाहीत, कारण कळांमधी पिशवी फाटायचा धोका जास्त. कार्डावरच्या एका शब्दावर मॅडमनी विश्वास ठेवला नाही, नोट बघितली, तेव्हाच मला बरं वाटलं.

मग त्यांनी कागदावर पिशवीचं चित्र काढून समजावलं. अशा प्रयत्नात शंभरातल्या साठ ते ऐंशी जणींचं नॉर्मल होतं, बाकीच्यांचं मधीच सिझर करावं लागतं. जुन्या टाक्याच्या जागी पिशवी उकलायची शक्यता साधारण दोनशेत एकीला, कमी आहे, पण झालं तर आई आणि बाळ दोघांनाही मिनिटांचा प्रश्न असतो. म्हणून अशा पेशंटला घरी किंवा उपकेंद्रात कळा घालायच्या नाहीत, जिथं लगेच ऑपरेशन होऊ शकतं तिथंच. कळा आपोआप येऊ द्यायच्या, आधीचं सिझर असताना कळांसाठी मिसोप्रोस्टॉलची गोळी ठेवायची नाही, त्यानं टाका उकलायचा धोका वाढतो. तारखेच्या पुढं आठवडाभर बघू, नाही आल्या कळा तर सिझर. हे सगळं त्यांनी ह्यांच्यासमोर आणि आत्याबाईंसमोर सांगितलं, तिघांना खुर्च्या देऊन. बाहेर ओपीडीत गर्दी होती, तरी घाई केली नाही. आणि शेवटी म्हणाल्या, थेट दुसरं सिझर करायचं म्हणलात तरी माझी हरकत नाही, तेपण चालतं, फक्त घरी जाऊन ठरवा, इथं बसून नको.

आता तो आशाताईचा प्रश्न मी विचारला, रात्रीचा. उत्तर मला आवडलं कारण ते गोड नव्हतं. मॅडम म्हणाल्या आमच्याकडं भूलतज्ज्ञ मुक्कामी नाहीत, लातुरातल्या बहुतेक छोट्या हॉस्पिटलात नसतातच, ते बोलावून येतात. दोघं आहेत, एक गावाला गेले तर दुसरे, दोघं नसतील त्या दिवशी मी तुम्हाला कळा घालू देणार नाही, मेडिकल कॉलेजला पाठवीन. फोन केल्यापासून रात्री पंधरा-वीस मिनिटं. अर्जंट सिझर ठरल्यापासून अर्ध्या तासात सुरू व्हावं असं साधारण धरतात, त्यात बसतं. त्या स्वतः वरच्या मजल्यावर राहतात. रात्री खाली एक जीएनएम म्हणजे नर्सिंग शिकलेली सिस्टर आणि एक मावशी. रक्त हॉस्पिटलात ठेवत नाहीत, ब्लड बँक जवळ आहे, पण कळा चालू झाल्या की माझ्या गटाची एक पिशवी क्रॉसमॅच करून, म्हणजे माझ्या रक्ताशी जुळवून बघून, राखून ठेवायची हे आधीच फाईलवर लिहिलं. बाळासाठी काचेची पेटी असलेलं युनिट इथं नाही, शेजारच्या लहान मुलांच्या हॉस्पिटलात आहे आणि तिथले डॉक्टर डिलिव्हरीला येतात. ही शेवटची गोष्ट माझ्या मनात टोचत राहिली आणि अजूनपण ती ह्या हॉस्पिटलची सगळ्यात मोठी कमी आहे असं मला वाटतं. माझं दिवस भरलेलं बाळ होतं म्हणून चाललं.

पाचव्या महिन्यात माझं हिमोग्लोबिन नऊच्या आसपास निघालं. गरोदर बाईला अकरा तरी पाहिजे. आपल्याकडं हे इतकं सर्रास आहे की बाया म्हणतात त्यात काय, सगळ्यांनाच कमी असतं. मॅडमनी गोळ्यांची पट्टी देऊन पाठवलं नाही, गोळी कशी घेता विचारलं. मी चहासोबत घेत होते, कारण सकाळी चहासोबत सगळ्याच गोळ्या घेतो आपण. चहानं लोह अंगाला लागत नाही, लिंबूपाण्यासोबत घ्या आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळेला, एवढं सांगितलं. महिन्यानं परत तपासलं, फारसं वाढलं नाही मग सलाईनमधून लोह दिलं. बाळंतपणात रक्त जातंच, आधीच कमी असलेल्या बाईला तेवढंच रक्त गेलं तरी जड जातं, म्हणून ही तयारी. सरकारीत पण हे होतं बरं का, दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टर तपासतात, फुकट, मी दोनदा ग्रामीण रुग्णालयात जाऊन तपासून आले आणि तो कागद मॅडमना दाखवला तर त्यांनी नाक मुरडलं नाही, फाईलला लावून घेतला.

आता रात्रीचं. तारखेच्या दोन-चार दिवस आधी मध्यरात्रीनंतर कळा चालू झाल्या. गावातल्या एकाची गाडी सांगून ठेवलेली होती, नसती तर १०८ ला फोन करायचा हेपण ठरलेलं. हायवेनं लवकर पोचलो. शटर अर्धं खाली होतं पण मावशी दारातच उभी, ह्यांनी निघताना फोन केलेला.

सिस्टरबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. नाव लिहीत नाही, पण त्या रात्री माझं बाळंतपण खऱ्या अर्थानं तिनं सांभाळलं. पोटावर एक हात सपाट ठेवून दुसऱ्या हातातल्या घड्याळाकडं बघत ती कळ मोजायची, किती वेळ टिकली, दोन कळांमधी पोट सैल पडतंय का, आणि प्रत्येक वेळी मला सांगायची, ही चाळीस सेकंदाची होती ताई, पुढची येईस्तोवर श्वास सोडा. आत तपासायच्या आधी दर वेळी विचारायची. पडदा ओढायची. मागच्या वेळी मला कुणीही येऊन तपासायचं, वरून कोण ओरडायचं, आता कशाला रडतीस म्हणून घाण बोलायचं, ते मी इथं लिहू शकत नाही. ह्या बाईनं मला एकदाही अगं-तुगं केलं नाही. बाळाचे ठोके सतत मशीनवर लावलेले, आधीचं सिझर असलं की लावतातच, आणि तिनं मला कागद दाखवून सांगितलं की ही वरची रेघ बाळाची, ही खालची तुमच्या कळेची. डाव्या कुशीवर झोपवलं, मधी मधी उठवून उभं केलं, घोट घोट पाणी दिलं.

आत्याबाई माझ्याजवळ होत्या पूर्ण वेळ. बाळंतपणात सोबत एक बाई असू द्यावी असं केंद्र सरकारनं २०१६ लाच सरकारी दवाखान्यांसाठी सांगितलंय, जागतिक आरोग्य संघटनापण सांगती, तरी अजून कितीतरी ठिकाणी बाहेर बसवतात. इथं नवऱ्याला आत घेत नाहीत कारण दोन टेबल शेजारी शेजारी आहेत आणि मधी नुसता पडदा, ते मला पटलं. पण आत्याबाई जवळ असण्यानं काय झालं सांगू, मला धीर आला हे तर आहेच, पण पुढं जे झालं ते त्यांनी डोळ्यानं बघितलं, त्यामुळं घरात नंतर कुणी असं म्हणलं नाही की पैशासाठी कापलं.

झालं असं की पिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंत नीट चाललं, पाचच्या पुढं खऱ्या कळांचा टप्पा चालू होतो म्हणतात, सहावर येऊन थांबलं. मॅडम आल्या, थांबू म्हणाल्या. पाणमोट फुटली, पाणी स्वच्छ होतं. परत तपासलं, सहाच. मग ठोके कळेच्या नंतर खाली जायले, सिस्टरनं कूस बदलवली, सलाईन वाढवलं, परत तेच. मॅडमनी मशीनचा कागद माझ्यासमोर धरला आणि जिथं रेघ खाली गेली तिथं पेनानं गोल केला. म्हणाल्या, बघा, एकदा झालं तर मी थांबले असते, हे परत परत व्हायलंय आणि तोंड उघडायचं थांबलंय, त्यात तुमचा जुना टाका आहे, आता मी थांबायला सांगणार नाही. तुमचं काय म्हणणं. मी आत्याबाईंकडं बघितलं, त्या म्हणाल्या लेकराचं बघा. मीच सही केली, ह्यांना खाली निरोप दिला. भूलतज्ज्ञ आले तेव्हा मी टेबलावर पण गेले नव्हते, कारण मॅडमनी त्यांना आधीच फोन करून ठेवलेला, पहिल्यांदा ठोके खाली गेले तेव्हाच.

लेक झाली, पावणेतीन किलोची, लगेच रडली. छातीवर ठेवली, मी अजून टेबलावरच होते, सिस्टरनं धरून ठेवली. तासाभरात अंगावर घेतली. पावडरचा डबा कुणी आणायला सांगितला नाही. मागच्या वेळी तर बाहेर भिंतीवर डब्याच्या दुधाच्या कंपनीचं कॅलेंडर होतं आणि मला दूध उतरायच्या आतच डबा आणायची चिठ्ठी मिळाली होती, १९९२ च्या कायद्यानं ह्या डब्यांच्या जाहिरातीला बंदी आहे तरी. इथं पहिल्या दिवशी दूध येत नाही म्हणून माझी आई घाबरली तर सिस्टरनं चिकाचे थेंब चमच्यात काढून दाखवले, म्हणली बाळाचं पोट आत्ता एवढंच आहे काकू, एवढंच लागतंय.

खाण्यापिण्यावरून घरच्यांशी हॉस्पिटलवाल्यांनीच भांडावं तसं भांडण केलं आणि बरं झालं. आमच्याकडं सिझरवालीला पाणी देत नाहीत, टाके पिकतात म्हणून. भात नाही, वरण नाही, नुसती भाकर कुस्करून. मॅडमनी राउंडला आत्याबाईंना हात जोडून सांगितलं की पाणी पाजा, भरपूर पाजा, पाण्यानं टाके पिकत नाहीत, दूध येतं. अळिवाची खीर, मेथी, शेपू, डिंकाचे लाडू सगळं खाऊ द्या, फक्त उपाशी ठेवू नका. डॉक्टरनं सांगितलं म्हणून घरी मला पोटभर खायला मिळालं, माझ्या एकटीच्या सांगण्यानं मिळालं नसतं.

आता जे आवडलं नाही ते. एक म्हणजे मावशीचे पैसे. बाळ आणून देताना पहिलं वाक्य, खुशी द्या. आणि ह्यांनी हजार रुपये काढले तर ती म्हणली, पोरगी आहे ना, मग पाचशेच द्या, पोरगं झालं की हजार घेते मी. तिला ते सवलत दिल्यासारखं वाटत असंल पण मला इतकं लागलं की टाक्यांपेक्षा ते दुखलं. माझं माहेर ज्या जिल्ह्यात आहे तिथं २०११ च्या जनगणनेत सहा वर्षाच्या आतल्या दर हजार मुलांमागं ८०७ मुली राहिल्या होत्या. ह्याच हॉस्पिटलच्या सोनोग्राफीच्या दारावर येथे गर्भलिंग निदान केले जात नाही असा बोर्ड आहे, आणि आत बाळाच्या किमतीत मुलगा-मुलगी फरक. मी डिस्चार्जच्या दिवशी मॅडमना सांगितलं. त्यांनी मावशीला बोलावून माझ्यासमोर पैसे परत द्यायला लावले आणि खुशी मागायची नाही असा कागद काउंटरला लावते म्हणाल्या. टाके दाखवायला गेले तेव्हा कागद लागलेला नव्हता. एक स्टार मी ह्याच्यासाठी कापलाय, दुसऱ्या कशासाठी नाही.

दुसरं, लिफ्ट नाही. सिझरच्या पेशंटला दुसऱ्या मजल्यावर रूम, खुर्चीत बसवून चौघं उचलून नेतात. आमच्या इथं उन्हाळ्यात पाण्याचे हाल, ज्या शहराला २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं हॉस्पिटलला टँकर येतो हे मी समजू शकते, पण बाळंतिणीच्या संडासात दुपारी पाणी नसणं हे मला मान्य नाही, टाकी भरायची वेळ बदला. जनरल वॉर्डात नातेवाईकांना झोपायला जागा नाही, जिन्यात झोपतात.

औषधं खालच्या मेडिकलमधूनच आणायला लावतात. औषध कुठूनही घ्यायचा पेशंटला हक्क आहे, मी तसं म्हणल्यावर अडवलं नाही, पण न विचारणाऱ्याला कोण सांगणार. बिलाबद्दल मात्र तक्रार नाही. २०२१ पासून आपल्या राज्यात नर्सिंग होमनं दरपत्रक आणि रुग्णहक्काची सनद लावायचा नियम आहे, इथं दोन्ही काउंटरच्या मागं मराठीत लावलेलं आहे, आणि सांगितलं तेवढंच बिल झालं. नॉर्मलचं तीसच्या आत आणि सिझरचं पन्नास हजाराच्या आसपास, भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञांसकट. मॅडमनी सिझरचा निर्णय घेतला तेव्हा हे वाढीव वीस हजार माझ्या मनात आले नाहीत असं नाही. आले. पण तो गोल केलेला कागद माझ्या फाईलला लावून दिलाय त्यांनी, डिस्चार्ज कार्डवर कारण लिहिलंय, छेद कसा घेतला ते लिहिलंय, जुना टाका आतून पातळ झालेला दिसला तेपण लिहिलंय. उद्या कुठल्याही डॉक्टरला दाखवता येईल असं कार्ड आहे.

पैशाचा प्रश्न ज्यांना आहे त्यांनी उगंच कर्ज काढून खाजगीत येऊ नका, हे मी अगदी कळकळीनं सांगायले. आमच्या शेजारचीनं जावेच्या बरोबरीसाठी दागिने गहाण ठेवले. सरकारी दवाखान्यात २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात नॉर्मल काय आणि सिझर काय, सगळं फुकट आहे, औषधं, तपासण्या, रक्त, नॉर्मलला तीन दिवस आणि सिझरला सात दिवस जेवण, न्यायला आणि परत घरी सोडायला गाडी. आणि ज्या गोष्टीसाठी मी एवढी विचारपूस करत फिरले, रात्री भूलतज्ज्ञ, रक्त, बाळाचं युनिट, ते मेडिकल कॉलेजमधी एकाच छताखाली असतं. सरकारीत गर्दी असती, एका सिस्टरवर लई पेशंट असतात, बोलणं रोखठोक असतं, हे खरंय. मला कळांमधी माझ्याजवळ थांबणारं माणूस पाहिजे होतं आणि आमच्याकडं थोडे पैसे जमलेले होते, म्हणून मी इकडं आले. दुसरी मुलगी झाली तर प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत एकरकमी ६००० मिळतात, पहिल्या बाळाला ५००० असतात, निकषात बसत असाल तर अंगणवाडीत किंवा आशाताईकडं विचारा, ह्याचा इथल्या काउंटरला पत्ताच नव्हता.

मग कुणी इथं जावं. दिवस भरलेलं, एकच बाळ, डोकं खाली, बीपी नॉर्मल, आधीचं एक सिझर असून नॉर्मलचा प्रयत्न करायचाय आणि मधीच निर्णय बदलला तर चालंल अशी मनाची तयारी आहे, तिनं खुशाल जावं, फक्त रात्री कोण आहे ते त्या त्या वेळी परत विचारून घ्यावं. बीपी वाढलेलं, जुळं, बाळ दिवसाआधी होण्याची भीती, वार (प्लासेंटा) खाली आलेली, अशांनी इथं जाऊ नये, बाळाची पेटी आणि रक्त जिथं आतच आहे तिथंच जावं. हे मी माझ्या मनानं सांगत नाही. आठव्या महिन्यात मी ओपीडीत बसलेले तेव्हा माझ्या पुढं निलंग्याकडची एक जुळ्यांची पेशंट होती, घरचे डिपॉझिट भरायला तयार, आणि मॅडमनी तिच्या नवऱ्याला चिठ्ठी लिहून देऊन मेडिकल कॉलेजला पाठवलं, तिथल्या डॉक्टरांना स्वतः फोन लावला आणि तपासणीची फी घेतली नाही.